हाली सिक्का आणि शाळेचा दाखला

मुसलमान मुलांना शिकवत नाहीत, आणि शिकवलेच तर मदरशात घालतात, असे ठामपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली सरकारी आकडेच पुढे ठेवले आणि दाखवून दिले की, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात जातात. आकडा आला, पण समज गेला नाही. आपल्यातले सुशिक्षितही वेगळ्या शब्दांत जवळजवळ तेच बोलतात. कुणी म्हणतो, समाज भावनेच्या आहारी जाऊन उर्दू शाळा धरून बसला. कुणी म्हणतो, इंग्रजीच्या नादी लागून भाषाही घालवली आणि दीनही. दोघांचे गृहीत एकच आहे : मुसलमान बाप शाळा निवडतो तेव्हा हिशेब करत नाही.

आम्हाला हे मान्य नाही. आमचे म्हणणे असे की, आमच्या भागातल्या मुस्लिम कुटुंबाने प्रत्येक पिढीत भाकरीचा हिशेब करूनच शाळा निवडली. तो हिशेब फसला असेल, तर बेरीज-वजाबाकी येत नव्हती म्हणून नव्हे. शाळेची किंमत आज मोजावी लागते आणि मोबदला दहा-पंधरा वर्षांनी हाती येतो. मधल्या काळात राज्याने नाणेच बदलले, तर हिशेब करणाऱ्याने काय करावे? आणि मराठवाड्यात हे नाणे एकदा नव्हे, अनेकदा बदलले.

हे सगळे आम्ही हिंगोली जिल्ह्याच्या आधाराने तपासणार आहोत. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके. संत नामदेवांचे नर्सी इथले, हळदीचा मोठा बाजार इथला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार भरली, त्यात दर दहा माणसांमागे साधारण एक मुसलमान. बौद्ध आणि मुसलमान मिळून पाव हिस्सा होतो, म्हणून केंद्र सरकारने देशातले नव्वद अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले तेव्हा त्यात महाराष्ट्रातले परभणी, बुलढाणा, वाशीम यांच्याबरोबर हिंगोलीही आले. इथला मुसलमान म्हणजे नवाब नव्हे. तो शेतमजूर आहे, दोन-चार एकरांचा कास्तकार आहे, बागवान, तांबोळी, कुरेशी, पिंजारी, अत्तार आहे. त्याचा मुलगा गवंडीकाम करतो, गॅरेजवर असतो, ट्रक चालवतो.

सरकारी मदरशाचे दिवस

आज ‘मदरसा’ म्हटले की वर्तमानपत्रवाल्यांच्या डोळ्यांसमोर दाढी-टोपी येते. निजामाच्या राज्यात मदरसा म्हणजे साधी सरकारी शाळा. प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणत, त्यावरच्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया. मराठवाड्यातले कित्येक देशपांडे आणि देशमुख या मदरशांत शिकले.

हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. कचेरी, अदालत, पोलीस, कस्टम, सगळे उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि वैद्यक-कायद्यापर्यंतचे उच्च शिक्षण उर्दूत मिळू लागले. हिंदुस्थानात देशी भाषेतून एवढे शिक्षण देणारे हे पहिलेच विद्यापीठ, त्याबद्दल त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याची दुसरी बाजू मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांनी भोगली. प्राथमिक इयत्ता मातृभाषेत झाल्या तरी पुढे जायचे तर उर्दूच. हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली ती याच घुसमटीतून. आपली भाषा पोटाला लागत नाही, हे दुःख मराठवाड्यात आधी मराठी माणसाच्या वाट्याला आले. मग ते आपल्या वाट्याला आले. हा क्रम आपल्या लेखकांनी विसरू नये.

मात्र ‘निजामाच्या काळात मुसलमानांची चैन होती’ हे वाक्यही तपासून घ्यावे लागते. १९०१ च्या जनगणनेत संस्थानात शंभरात तीनच माणसांना लिहिता-वाचता येत होते. नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा मोठा होता खरा, पण नोकऱ्या मुळात मूठभर, आणि वरच्या जागांवर हैदराबाद शहरातले आणि बाहेरून आलेले. हिंगोलीसारख्या ठिकाणी मुसलमानाला मिळे ते चपराशी, जवान, कारकून, फार तर गिरदावर. हिंगोली ही हैदराबाद कन्टिन्जन्टची जुनी छावणी होती. १९०३ साली छावणी उठली, पण शिंपी, खाटीक आणि मोची ही छावणीवर पोसलेली वस्ती मागे राहिली. या वस्तीतला आणि खेड्यातला बहुसंख्य मुसलमान शाळेत गेलाच नाही. तो घरी दखनी बोले, बाजारात मराठी. शाळेतली उर्दू त्यालाही परकीच होती.

ज्यांना शाळा परवडली त्यांनी मात्र सरळ हिशेब केला. गावात मराठी शाळा असली तरी मुलगा तालुक्याच्या मदरशात पाठवायचा, नातेवाइकाकडे ठेवायचा, उर्दू पक्की करायची आणि चिठ्ठी-चपाटी करून कचेरीत चिकटवायचा. हाच हिशेब ब्राह्मण वकिलाने केला, कायस्थ मुलाजिमानेही केला. त्याला धर्माभिमान कुणी म्हटले नाही, कारण तो धर्माभिमान नव्हता. उर्दू हे चालते नाणे होते.

सात हाली, सहा कलदार

संस्थानचे स्वतःचे नाणे होते, हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला आपले लोक कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा दर जुन्या माणसांना तोंडपाठ असे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली आणि १९५० च्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला. ज्यांच्याकडे हाली होते त्यांना त्या दराने कलदार मिळाले. सातात एक गेला, पण सहा तर हातात आले.

फौकानिया पास झाल्याच्या सनदेला मात्र असा कोणताच दर ठरला नाही. ज्या मुलाने १९४० साली उर्दू मदरशात नाव घातले, त्याचे शिक्षण १९५० साली संपले. मधल्या दहा वर्षांत कचेरीची भाषा बदलली, वरचे साहेब बदलले, उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या आणि त्यांवर जगणारे मुनीम, कारकून, शिपाई रस्त्यावर आले. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १९६४ साली राजभाषा अधिनियम आला आणि मराठीशिवाय सरकारी दार उघडणार नाही हे पक्के झाले. यात मराठीचा दोष काही नाही. लोकांच्या भाषेत कारभार झाला हे योग्यच झाले. आम्ही फक्त एवढेच नोंदवतो की, एका पिढीने मुलांच्या शिक्षणात गुंतवलेले सगळे भांडवल सहा-आठ वर्षांत शून्यावर आले आणि त्याची भरपाई कुणी कुणाला दिली नाही.

शिवाय जीव गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने पोलीस अॅक्शननंतरच्या हिंसाचारात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचा नांदेड होता. हा अहवाल सामान्य वाचकाला पाहायला मिळायला २०१३ उजाडले. त्याआधी रझाकारांनी हिंदू रयतेवर केलेले अत्याचार आम्ही झाकू इच्छित नाही. पण शाळेच्या गोष्टीत याचा अर्थ असा की, ज्या घरातला कमावता गेला त्या घरातली मुले शाळेत गेली नाहीत, कामाला गेली. ज्यांना शक्य होते ते हैदराबाद शहराकडे किंवा कराचीकडे निघून गेले. म्हणजे शिकलेले गेले. मागे राहिले ते हातावर पोट असलेले. पुढची तीस वर्षे ‘मुसलमान शिकत का नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी, शिकवू शकणारी माणसे कुठे गेली, हे विचारले नाही.

गावातली शाळा

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. फी नव्हती. शाळेचा खर्च म्हणजे पाटी-पुस्तक आणि मुलाचे हात. कापूस वेचणीला, म्हशीमागे, कसायाच्या दुकानात, विटाच्या भट्टीवर मुलाचे हात लागत. हाच खरा खर्च होता आणि गरिबाला तो फीपेक्षा जड होता.

खेड्यात मुसलमानांची पाच-पंचवीस घरे. तिथे उर्दू शाळेचा प्रश्नच नव्हता. मुलगा मारुतीच्या देवळामागच्या मराठी शाळेत गेला, बाराखडी शिकला, अभंग पाठ केले, वर्गातल्या मराठा, धनगर, बौद्ध मुलांबरोबर मार खाल्ला. संध्याकाळी मशिदीत मौलवीसाहेबांकडे कायदा आणि सिपारा. बापाने काही थोर विचार करून हे ठरवले नव्हते. जवळची शाळा हीच स्वस्त शाळा, एवढेच त्याचे गणित. पण या स्वस्त शाळेने जे दिले ते आज आपल्या हातात आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यातले आणि त्यानंतरचे बहुतेक लिहिणारे याच शाळांतून आलेले. हा अंक वाचणारे आपण सगळे, आपल्या दादा-अब्बांच्या गावात उर्दू शाळा नव्हती, या योगायोगाची फळे आहोत.

तालुक्याच्या गावी, हिंगोली, वसमत, कळमनुरीला, चित्र निराळे होते. तिथे मोहल्ला होता आणि मोहल्ल्यात उर्दू शाळा. उत्तर प्रदेशात उर्दू शाळा शासनाने जवळजवळ मोडीत काढल्या. महाराष्ट्राने तसे केले नाही, जिल्हा परिषदेने आणि अनुदानित संस्थांनी त्या चालवल्या, याचे श्रेय महाराष्ट्राला द्यायला हवे. मात्र नाणे म्हणून उर्दू संपली होती. मग लोक तिथे मुले का घालत राहिले?

एक तर त्या शाळेत मुलाला घरच्यासारखे वाटे. दुसरे, त्या शाळेने स्वतःचाच एक छोटा रोजगार तयार केला होता : उर्दू शाळेतला शिक्षक. बारावीनंतर दोन वर्षे डी.एड. करायचे आणि जिल्हा परिषदेत लागायचे. १९८० आणि ९० च्या दशकांत आमच्या भागातल्या मुस्लिम मध्यमवर्गाचा पाया या एका नोकरीने घातला. पक्के घर, मोटारसायकल आणि मुलीला शिकलेला नवरा ही त्याची खूण. एका चुलत्याला डी.एड.ची नोकरी लागली की सगळ्या खानदानातली पोरे उर्दू शाळेत जात. हाही हिशेबच होता, आणि त्या काळापुरता तो चूक नव्हता.

पण या बाजारात जागा किती, याचा अंदाज कुणाला नव्हता. उर्दू शाळेत शिकून उर्दू शाळेतच शिकवायचे, तर विद्यार्थी वाढतील तितक्याच जागा. डी.एड. महाविद्यालये मात्र धडाधड निघाली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि पूर्ण पगाराऐवजी तीन वर्षे मानधनावर राबणे आले. खासगी संस्थांत जागेचा भाव लागू लागला. शेत विकून भाव भरणारे आम्ही पाहिले आहेत. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली, कागदावरची लाखो मुले हवेत विरली आणि २०१२ पासून शिक्षकभरती थांबली. २०१३ पासून टीईटी आली. डी.एड. झालेली मुले आज हिंगोलीच्या बाजारात मोबाईल रिचार्ज करतात, हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितात. दुसऱ्यांदा नाणे बदलले होते आणि या वेळी भाषा तीच राहूनही बदलले.

मुलीची शाळा

उर्दू शाळा टिकली त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते सर्वांत मोठे आहे असे आम्हाला वाटते. ती मुलींची शाळा झाली. आमच्या भागातल्या कित्येक घरांत आजही असे दिसते की, मुलगा इंग्रजी किंवा मराठी शाळेत आणि त्याचीच बहीण उर्दूत.

मुंबईच्या दादर भागातल्या शाळांचा अभ्यास करून कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे : कामगार जातींतली मुले मराठी शाळेतच राहिली, कारण गिरणी-कारखान्यातल्या जातभाईंच्या ओळखीने त्यांना काम मिळे आणि त्या कामाला इंग्रजी लागत नसे. मुलींना त्या ओळखीचा उपयोग नव्हता, म्हणून त्या इंग्रजीकडे वळल्या आणि नव्या नोकऱ्यांत पुढे गेल्या. ओळखीचे जाळे मुलाला धरून ठेवते आणि मुलीला मोकळे सोडते.

हिंगोलीत उलटे झाले. इथे मुलाच्या ओळखीचे जाळे गॅरेज आणि सेंट्रिंगच्या कामाचे, पुणे-औरंगाबाद-हैदराबादपर्यंत पसरलेले. पण त्यासाठी मराठी-हिंदी बोलता येणे, थोडे इंग्रजी वाचता येणे कामाचे. म्हणून बापाने मुलावर पैसे टाकले. मुलीच्या नोकरीचा विचारच घरात नव्हता, दादरसारख्या कचेऱ्या इथे कुठे होत्या? मग मुलीसाठी शाळा निवडताना मोजली जाणारी किंमत वेगळी : घरापासून किती पावले, रस्त्यात चावडी आहे की पानटपरी, बाई शिकवतात की सर, आणि ओढणीवरून कुणी हसेल का. भीतीलाही किंमत असते. १९९२-९३ नंतर ती वाढली. मोहल्ल्यातली उर्दू शाळा या सगळ्या खर्चांत स्वस्त होती.

अडचण चौथी-सातवीनंतर येई. पुढची उर्दू शाळा तालुक्याला, मराठी हायस्कूल शेजारच्या गावात. आखाडा बाळापूर किंवा जवळा बाजारच्या आसपासच्या खेड्यातल्या मुलीपुढे खरा पर्याय उर्दू की मराठी हा नव्हताच. एसटीने जायचे की घरी बसायचे, हा होता. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळू लागला, पुढे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आल्या, आणि अनेक मुली दहावीपर्यंत पोहोचल्या. आमच्या मते या बसने मुस्लिम मुलीच्या शिक्षणासाठी जे केले, ते दहा इस्लाही जलशांनी केले नाही. मात्र सातवीपर्यंत उर्दूत शिकलेली मुलगी आठवीला मराठी हायस्कूलमध्ये बसते तेव्हा गणित आणि विज्ञान दोन्ही नव्या शब्दांत शिकते. ती नापास झाली की बाप म्हणतो, डोके नाही. डोके असते. भाषा बदलण्याचा खर्च तिने एकटीने उचललेला असतो.

इंग्रजीचा भाव

२००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्याच सुमारास तालुक्यांच्या गावी विनाअनुदानित इंग्रजी शाळांच्या पाट्या लागल्या : पिवळी बस, टाय, बूट आणि दर महिन्याला फी. जून महिना आला की बागवान हातगाडीवरचा माल गहाण टाकल्यासारखे व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि पहिला हप्ता भरतो. त्याला आपण हसू नये. उर्दूचे नाणे दोनदा बुडालेले त्याने पाहिले आहे, आणि मराठी शिकूनही सरकारी नोकरी मिळत नाही हेही पाहिले आहे. तो तिसरे नाणे घेऊन पाहतो आहे.

पण त्याला शाळेच्या आत काय चालते ते तपासता येत नाही. घरी कुणाला इंग्रजी येत नाही, म्हणून तो टायकडे आणि बसकडे पाहून भाव ठरवतो. कपड्याच्या दुकानात तो धागा ओढून पाहील, शाळेचा धागा ओढायचा कसा? त्यामुळे अशा शाळांपैकी अनेकींत कमी पगारावरच्या, स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्या बाई इंग्रजी पुस्तक मराठीत समजावून सांगतात, आणि मुलाच्या हाती ना धड ही भाषा ना ती.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांमुळे गरिबाच्या मुलाला खासगी शाळेत फुकट प्रवेश मिळू लागला. त्यातल्या दोन मेखा आपल्या लोकांना उशिरा कळल्या. एक, हा हक्क आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी, आणि तेव्हा मुलगा परत मराठी शाळेतही बसू शकत नाही. दुसरी, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले. म्हणजे मुसलमानांनी काढलेल्या इंग्रजी शाळेवर गरीब मुसलमानाच्या मुलाला फुकट घेण्याचे बंधन उरले नाही. संस्थेचे स्वातंत्र्य आणि समाजाचे हित एकच असते, असे समजणाऱ्यांनी या निकालावर थोडा विचार करावा. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्याची शिफारस केली.

आणि जिल्हा परिषदेची शाळा? आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालच्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे की, सरकारी शाळा बिघडू लागली की सर्वांत आधी तेच पालक बाहेर पडतात ज्यांना दर्जाची चाड असते आणि जे तक्रार करू शकले असते. मागे उरतात ते गप्प बसणारे. आमच्या गावांत हे शब्दशः झाले. मास्तरांची, तलाठ्याची, सरपंचाची आणि आपल्यातल्या चार पैसेवाल्यांची मुले निघून गेली. शाळा समितीच्या बैठकीला उरली ती मजुराची बायको. ती सहीच्या जागी अंगठा करते आणि घरी येते.

या गळतीला बांध घालणारी छोटीशी योजना होती. २००८ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती मिळे, पहिली ते पाचवीला वर्षाला एक हजार रुपये. रक्कम हसण्यासारखी वाटेल, पण गणवेश आणि वह्या त्यातून निघत. आणि त्यासाठी बँकेत मुलीच्या नावाचे खाते उघडावे लागे, ही जास्तीची कमाई. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती बंद झाली. कारण दिले ते असे की, शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे. मजुराच्या घरी आठवीतल्या मुलाच्या हातांची किंमत कायद्याने शून्य झालेली नाही, हे कारण लिहिणाऱ्याला माहीत नसावे.

रजिस्टरातला रकाना

एक खर्च अजून सांगायचा राहिला. शाळेतून मुलाला दोन गोष्टी मिळतात, विद्या आणि दाखला. आपण विद्येची चर्चा करतो, दाखल्याची करत नाही.

जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी उभ्या केलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीच्या रेट्यामुळे १९९४ साली राज्याने मुस्लिम ओबीसींच्या सवलतींचा शासन निर्णय काढला. तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार यांना वाट मोकळी झाली. पण जातीचे प्रमाणपत्र काढायचे तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि गरिबाकडे असा पुरावा बहुधा एकच असतो, आजोबांच्या किंवा वडिलांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद. आता त्या रजिस्टरात काय लिहिले आहे? मास्तरांनी धर्म विचारला, बापाने मुसलमान सांगितले. जात विचारली, त्यापुढेही मुसलमान लिहिले गेले. उर्दू शाळेत तर कधी अभिमानाने शेख किंवा सय्यद लिहिले गेले, कारण पिंजारी सांगायला लाज वाटे. ज्या घरात कुणी शाळेतच गेले नाही, तिथे नोंदच नाही. आजोबांना न शिकवल्याचा खर्च असा नातवाच्या मेडिकलच्या प्रवेशावर येऊन बसतो. शाळा सोडल्यावर रजिस्टरातली नोंद बदलून घेणे जवळपास अशक्य. पडताळणी समितीच्या पायऱ्या झिजवलेल्या बापांना विचारा.

या दप्तराची आणखी एक गंमत. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींत निजामकाळातली बाडे उघडली गेली. कागद उर्दूत, मोडीत, साल फसली. वाचणार कोण? मग उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पंच्याहत्तर वर्षे ज्या भाषेला कचेरीत कुणी विचारले नाही, तिच्या जाणकाराला कचेरीत खुर्ची मिळाली, काही आठवडे का होईना. त्याच बाडांत आपल्या लोकांच्याही नोंदी आहेत, पेशा आणि जात दोन्ही लिहिलेल्या. ती उघडली होती तेव्हा आपल्यातले किती जण आपल्या आजोबांचे नाव शोधायला गेले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

येत्या जूनमध्ये पहिलीत नाव घालताना मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी एवढे एक काम करावे. माध्यम कोणतेही असो, शाळा सरकारी असो की फीची, प्रवेश अर्जावरचे धर्म आणि जात हे दोन रकाने बापाला वाचून दाखवावेत, आणि जातीच्या रकान्यात मुसलमान लिहू न देता जो पेशा-जमात असेल ती स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावी. नंतर जनरल रजिस्टर मागून तीच नोंद त्यात उतरली आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मग अर्जाची झेरॉक्स काढून घरी ठेवावी.